पान नंबर अकरा

मेसेज आला तेव्हा बाबा ओट्याशी उभे राहून चहाचं आलं कुटत होते. त्यांचा चष्मा नेहमीप्रमाणे बाहेर पेपरावर राहिला होता, म्हणून फोन मी उचलला. गाडीचा नंबर आमचा, गुन्हा नो पार्किंगचा, जागा कस्तुरबा गांधी मार्ग आणि दिवस ऑगस्टमधला एक मंगळवार. आम्ही होतो नोव्हेंबरमध्ये. खाली एक लिंक होती, ती उघडली तर फोटोसुद्धा होता. पांढरी गाडी, एमएचची नंबर प्लेट, शेजारी रेलिंग आणि झाडाची सावली.

मी वाचून दाखवलं. बाबांचा हात थांबला.

"मंगळवारी मी तिकडे गेलो नव्हतो," ते म्हणाले, आणि पुन्हा आलं कुटायला लागले.

मी काहीच बोलले नाही. पण माझं न बोलणं आमच्या घरात कुणालाही नीट ऐकू येतं, आणि बाबांना तर जरा जास्तच.

बाबा शहात्तर वर्षांचे. केंद्र सरकारच्या नोकरीत छत्तीस वर्षं दिल्लीत काढली आणि अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त होऊन आईबरोबर पुण्याला गेले. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना परत दिल्लीला आणलं. मीही सरकारी नोकरीतच आहे, लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर आहे. नवऱ्याची बदली गुवाहाटीला झालेली, त्यामुळे घरात मी, कॉलेजात जाणारी लेक आणि बाबा. बाबांच्या पाठोपाठ त्यांची गाडीही पुण्याहून ट्रकवर चढून आली. ती स्वतः चालवत आणायचा त्यांचा बेत होता. तो हाणून पाडताना मला आणि पुण्यातल्या माझ्या भावाला नाकी नऊ आले होते.

त्या गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर असते, आणि खरा प्रश्न त्या किल्लीचा होता. उन्हाळ्यात एकदा बाबा गाडी घेऊन सरोजिनी मार्केटला गेले, भाजी घेतली आणि पिशव्या सांभाळत चालत घरी आले. जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चोरीला गेली म्हणून सगळी कॉलनी गोळा केली. गाडी बिचारी मार्केटमध्ये जिथे लावली होती तिथेच उभी होती. त्या रात्री भावाशी फोनवर बोलताना आमचं ठरलं की आणखी एकदा असं काही झालं तर किल्ली काढून घ्यायची. मी गॅलरीत उभी राहून, माझ्या मते हळू आवाजात बोलत होते. फोन ठेवून वळले तर बाबा आतल्या खुर्चीत बसलेले. "दूध संपलंय का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

म्हणजे 'आणखी एकदा' झालं तर काय होणार हे त्यांनाही माहीत होतं. आणि आता ते 'आणखी एकदा' फोटोसकट समोर आलं होतं.

लेक म्हणाली, "आजोबा, यार, 'पे' दाबा ना. चिल. सगळ्यांना येतात चलान."

"मी जे केलं नाही त्याचे पैसे मी का भरू?"

"पण फोटो आहे ना!"

"फोटो गाडीचा आहे. माझा नाहीये."

वेबसाइटवर दोनच बटणं होती, एक दंड भरण्याचं आणि दुसरं आपल्याला हे मान्य नाही, कोर्टात जायचंय असं सांगण्याचं. बाबांनी नातीकडून दुसरं बटण दाबून घेतलं. मी वैतागले. दंडापेक्षा जास्त रिक्षाला जातील, मला अर्धी रजा टाकावी लागेल, आणि एवढं करून शेवटी फोटो तो फोटोच. भावाला फोन केला तर तो पुण्यात बसून हसत होता. "बाबांना म्हणावं, दिल्लीत राहून पानिपत करून घेऊ नका." मग हसायचा थांबून म्हणाला, "ताई, पण मग किल्लीचं काय?"

"तारीख होऊ दे," मी म्हणाले. "कोर्टातच कळेल त्यांना."

हे मी म्हणाले. आता लिहितानासुद्धा लाज वाटते, पण म्हणाले.

तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, आणि बाबांनी फाईल उघडली. उघडली म्हणजे अक्षरशः. पुठ्ठ्याचं कव्हर, कागद ओवायच्या पांढऱ्या दोरीचा टॅग, विषयाच्या ओळीत टपोऱ्या अक्षरात 'पार्किंग चलानविरुद्ध अर्ज'. आमच्या खात्यात आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, नवीन पोरांना टॅग म्हणजे काय तेही ठाऊक नाही. पण बाबा ज्या काळातले, त्या काळात माणसाची किंमत त्याच्या फाईलवरून व्हायची. तळाला आधीचे कागद, त्यावर नंतरचे, आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने नंबर. बाबा सेक्शन ऑफिसर असताना वरून आलेली एक फाईल त्यांनी तशीच परत पाठवली होती, कारण चाळीसनंतर एकदम बेचाळीस नंबर होता. साहेब चिडले, म्हणाले, एका पानानं काय आकाश कोसळतं का? बाबा म्हणाले, सर, एक पान नाही म्हणजे फाईलच नाही. ही गोष्ट आम्ही भावंडांनी जेवताना इतक्या वेळा ऐकलीय की बेचाळीस आकडा दिसला की अजून आम्ही एकमेकांकडे बघतो.

तर फाईलमध्ये काय नव्हतं! अर्ज, चलानची प्रत, फोटो, गाडीचे कागद, लायसन्स, पेन्शनचं कार्ड. "पेन्शनचं कशाला?" मी विचारलं. "असू दे. मागितलं तर पळापळ नको." त्या मंगळवारी ते सकाळी सरकारी डिस्पेन्सरीत ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला चालत गेले होते, त्याची शिक्का मारलेली चिठ्ठी त्यांनी कुठून तरी हुडकून काढली. आणि मग त्यांची डायरी.

या डायरीबद्दल सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीला बाबांकडे खात्याच्या स्टाफ कारचं लॉगबुक होतं. गाडी कुठे गेली, कुणी नेली, किती किलोमीटर झाले. ती सवय त्यांना जन्मभर चिकटली. आमच्या घरची गाडी दुधाला जाऊन आली तरी नोंद व्हायची. आईबरोबर पानिपतला चादरी आणायला जायचे तेव्हा आई म्हणायची, "मी बरोबर आहे हेही लिहा हो, नाहीतर पुढे कुणाला कळायचं नाही." आणि ते लिहायचे. आई गेल्यावर मी त्या डायऱ्या चाळल्या होत्या. 'पानिपत, सौ. सोबत, चादरी ४, परतीला पाऊस.' मला तेव्हा फार रडू आलं होतं.

त्या आठवड्याची डायरीची पानं झेरॉक्स करून फाईलला लावायची असं ठरलं. एका दुपारी ते स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा फाईल टॅग बांधून तयार होती आणि बाबा गप्प होते. दोन दिवस गप्पच होते. मला वाटलं, झालं, डायरीत स्वतःच्याच अक्षरात सापडलं असणार. मी विचारलं नाही. उलट मनातल्या मनात हळहळले, आणि किल्ली काढून घ्यायची तर कशी, काय शब्दांत, ते ठरवायला लागले. त्या दोन दिवसांत मी त्यांच्या आवडीचं भरलं वांगं केलं, एवढी माझी मजल.

तारखेच्या दिवशी गाडी मी चालवली. किल्ली खुंटीवरून मीच काढली, आणि बाबांनी ते पाहिलं. ते डाव्या बाजूला फाईल मांडीवर घेऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, वर हातविणीचा स्वेटर, केस पाणी लावून बसवलेले. परीक्षेला निघालेल्या मुलासारखे दिसत होते. मला एकदम वाटलं की गाडी वळवावी, घरी जावं, दंड भरावा आणि किल्ली पुन्हा खुंटीला लावावी. पण मी वळवली नाही.

कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर जागा मिळाली. आमच्यासारखेच चलानवाले पन्नासएक लोक. बाबा हात धुवून येतो म्हणून उठले आणि फाईल माझ्याजवळ देऊन गेले. मी नुसतीच चाळत बसले. सहा, सात, आठ नंबरला डिस्पेन्सरीची चिठ्ठी. नऊ नंबरवर डायरीतला रविवार. दहावर सोमवार. बारावर बुधवार.

मी परत मागे गेले. दहा, बारा.

बोटाला थुंकी लावून पान चिकटलंय का ते पाहिलं. चिकटलं नव्हतं. ज्या माणसानं एका नंबरासाठी साहेबांना फाईल परत केली, त्याच्या फाईलीत दहानंतर बारा होते. आणि जे नव्हतं ते नेमकं मंगळवारचं.

बाबा आले. मी म्हणाले, "अकरा नंबर कुठंय?"

"आहे."

"कुठं आहे?"

"त्याची गरज नाही."

"बाबा, तुम्ही पान काढलंत?"

ते बाकावर बसले, रुमालाने एकेक बोट पुसत राहिले. मग म्हणाले, "काढलं. नंबर नाही बदलले." जणू तेवढंच त्यांच्या बाजूचं होतं. पान दाखवलं नाही म्हणजे दाखवलं नाही, पण बाराचे अकरा करणं म्हणजे खोटं रेकॉर्ड, आणि ते त्यांच्या हातून झालं नसतं. झेरॉक्स त्यांच्या स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात होती. मी हात पुढे केला. त्यांनी बराच वेळ दिली नाही. मग दिली.

त्यांचं बारीक, उभं अक्षर. 'मंगळ. डिस्पेन्सरी, पायी. दुपारी गाडी चि. कडे. क. गां. मार्ग, गेस्ट हाऊस. खलबत्ता. परत ५.४०. अधिवेशनाच्या कामामुळे फार दमलेली.'

चि. म्हणजे मी. त्यांच्या सगळ्या डायऱ्यांमध्ये मी चि. आहे.

तोंडात मारल्यासारखं झालं, आणि मग सगळं आठवलं. पुण्याहून कुणी ओळखीचं सरकारी कामाला दिल्लीला यायचं असलं की भाऊ त्यांच्याबरोबर काहीतरी पाठवतो. भाजणी, मेतकूट, कधी दिवाळी अंक. पाहुणे उतरतात कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये आणि मी ऑफिसातून मेट्रोने येता येता पिशवी घेऊन येते. दिल्लीतल्या निम्म्या मराठी घरांची भाजणी अशीच येते. त्या वेळी मात्र भावाने आईचा लोखंडी खलबत्ता पाठवला होता, कारण मिक्सरमधल्या आल्याचा चहा बाबांना पचत नव्हता. तो खलबत्ता मेट्रोतून आणायचा म्हणजे हात खांद्यातून निखळला असता. संसदेचं अधिवेशन चालू होतं, खासदारांच्या प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे सकाळ-संध्याकाळ बदलत होते, मला दुपारी दोन तास मोकळे मिळाले. घरी आले, किल्ली घेतली, गेले. आत जागा नव्हती, म्हणून रेलिंगला लागून गाडी उभी केली आणि पळत आत गेले. पाहुण्यांनी चहाचा आग्रह केला, मी अर्धा कप घेतला.

आणि तीन महिने तो खलबत्ता माझ्या ओट्यावर रोज सकाळी ठणठणत होता. मेसेज आला तेव्हाही ठणठणत होता. एकदाही, एका क्षणासाठीही माझ्या मनात आलं नाही की त्या दिवशी गाडी मी नेली असेल. विसरायचं काम घरात बाबांकडे दिलेलं होतं.

"हे पान दाखवलं असतं तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं," मी म्हणाले.

"तू नोकरीत आहेस. कोर्टाच्या कागदावर तुझं नाव कशाला? उद्या प्रमोशनच्या वेळी कुणी बघितलं तर?"

"बाबा, पार्किंगचं चलान आहे! खून नाही केलाय मी."

"कागद तो कागद."

"मग मला घरी तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू इथे येऊन बोलली असतीस." हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं.

"आणि किल्ली?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ती तुम्ही तशीही घेणारच होतात."

मला त्यांना गच्च धरून रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी इतका राग आला की फाईल आपटावीशी वाटली. दोन्हीपैकी काही करायच्या आत आमचा नंबर पुकारला.

मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी लहान. त्यांनी स्क्रीनवर फोटो पाहिला, मग बाबांकडे पाहिलं. "अंकल, गाड़ी आपकी है, फोटो में साफ दिख रही है. आप उस दिन कहाँ थे, इससे क्या फर्क पड़ता है?"

"मैडम, मुझे फर्क पड़ता है," बाबा म्हणाले.

बाबांनी फाईल पुढे केली. बाईंनी दोन पानं उलटली असतील, आणि मी मधेच म्हणाले, "मैडम, गाड़ी मैंने खड़ी की थी. मैं इनकी बेटी हूँ. इन्हें कुछ पता नहीं था." आणि अकरा नंबरचं पान टेबलावर ठेवलं.

"यह रिकॉर्ड पर नहीं है, मैडम," बाबा घाईघाईने म्हणाले.

"तो अब ले लेते हैं." त्यांनी कागद उचलला, मराठी पाहून परत माझ्याकडे दिला. "पढ़िए."

मी वाचलं. हिंदीत सांगताना खलबत्त्याशी घोडं अडलं, मग सुचलं, इमामदस्ता. शेजारचे क्लार्क खुदकन हसले. मॅजिस्ट्रेट बाईंनी हसू दाबलं. "इमामदस्ते के लिए नो पार्किंग?"

"जी, बहुत भारी था."

त्यांनी फाईल मिटून दोन्ही हातांनी बाबांना परत दिली. "देखिए अंकल, चालान भी सही है और आप भी सही हैं. चालान तो भरना पड़ेगा. पर आप उस दिन वहाँ नहीं थे, यह मैंने मान लिया." दंड मात्र त्यांनी थोडा कमी केला. बाबांनी मान लववली. त्यांचे डोळे भरले होते. ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने निस्तरले.

म्हणजे केस आम्ही हरलो. पैसे भरून बाहेर आलो, आणि मी फाटकाशी उभी राहिले. उजवीकडे गाड्या, डावीकडे गाड्या, समोरच्या गल्लीतही गाड्याच.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "बाबा, आपण गाडी कुठे लावली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. खिशातून डायरी काढली, तिच्यातली पार्किंगची पावती काढली, आणि म्हणाले, "झेरॉक्सवाल्याच्या पुढे, कडुनिंबाखाली, चौथी." आणि पुढे चालायला लागले.

गाडीपाशी पोचल्यावर मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी आरसा नीट केला, मग सीट पुढे घेतली, मग रीडिंग लिहिलं. सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघतच म्हणाले, "एक सांगू का? मी विसरतो. मार्केटचं विसरलोच होतो. ज्या दिवशी गाडी चालवणं खरंच जमणार नाही, त्या दिवशी मी सांगेन. फक्त ते मला सांगू दे. तुम्ही दोघांनी फोनवर नको."

"हो बाबा," मी म्हणाले. घरी येऊन भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबा इडलीचं पीठ आणायला म्हणून गाडी घेऊन गेले. अर्ध्या तासाचं काम, दीड तासाने आले. मी गॅलरीत दोनदा जाऊन आले होते, पण फोन केला नव्हता, मोठ्या कष्टाने. पीठ ओट्यावर ठेवून ते त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. मग उठले, कोपऱ्यावरच्या दुकानात चालत गेले आणि परत आले. किल्ली खुंटीला लावली नव्हती.

ती त्यांनी माझ्या हातात दिली, आणि बरोबर एक झेरॉक्स. डायरीतलं त्या दिवसाचं पान, कोपऱ्यात लाल शाईने सोळा नंबर. 'रवि. पीठ. परतताना कॉलनीचं वळण सापडेना. तीनदा पुढे गेलो. एका ठिकाणी लोकांना ब्रेक मारावा लागला. गाडी आजपासून चि. कडे.'

मी त्यांच्यासमोरच रडले. ते मला थोपटत होते, जणू किल्ली माझीच गेली होती.

"फाईलला लाव," ते म्हणाले. "आणि अकरा नंबर त्या दिवसापासून तुझ्या पर्समध्येच आहे. तोही लाव."

दोन्ही पानं लावली, टॅग बांधला. मग म्हणाले, "पानिपतला जायचं का येत्या रविवारी? चादरी विरल्यात सगळ्या."

"जाऊया. मी चालवते."

"चालव. मी बरोबर आहे हेही लिही हं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी डायरी माझ्याकडे सरकवली.